दूध खातं माझ्याकडे

४ मार्च, सकाळ
आजपासून घरातलं दूध खातं माझ्याकडे. हिने आनंदाने दिलं असं म्हणता येणार नाही. पण दिलं.

कारण गंभीर आहे. मुलीला नवी नोकरी लागली, पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय. ठमी, म्हणजे आमची नात, नुकतीच वर्षाची झाली. तिला दिवसभर ठेवायचं कुठे? आमच्याकडे की पाळणाघरात? काल मुलगी फोनवर म्हणाली की ठमी आता वरचं दूध प्यायला लागली आहे, पोट नाजूक आहे, या उकाड्यात दुधाची खात्री असेल तरच इकडे ठेवायचा विचार करेन. फोन नेमका माझ्या हातात होता. म्हटलं, खात्री माझी.

रिटायर झाल्यापासून घर फार शांत आहे. दुपारी मी पंख्याचा आवाज ऐकत पडतो. ठमी इथे यायलाच हवी.

४ मार्च, दुपार
सगळी नोकरी वॉशर तपासण्यात गेली. कारखान्यात माझ्यामागे मला रिजेक्टसाहेब म्हणायचे. त्यात आदर होता. केसाएवढा फरक पकडणाऱ्या माणसाला दूध काय जड? हिला तसं म्हटलं. ती म्हणाली, वॉशर नासत नाहीत. तिला मुद्दा कळलेला नाही.

६ मार्च
सुरुवात कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पिशवीपासून. इतकी वर्षं ही तिथूनच आणते, दुकानदार देईल ती पिशवी घेते आणि चालू लागते. निवड नाही, तपासणी नाही. मी सगळ्या पिशव्या काउंटरवर मांडायला लावल्या. मागे रांग लागली, कुरकुर झाली. लोकांना क्वालिटीचं काही पडलेलं नाही. शेवटी एक छान टम्म फुगलेली पिशवी निवडली. बाकीच्या अगदीच मरगळलेल्या होत्या. दुकानदार म्हणाला, ती नका घेऊ, ती परत पाठवायची आहे. चांगला माल हे लोक ओळखीच्यांसाठी ठेवतात, हे मला माहीत आहे. तीच घेतली.

संध्याकाळ
तापवताना फाटलं. हिने कुंडीत ओतलं. बोलली काही नाही. न बोलण्याची तिची एक पद्धत आहे.

दुकान रिजेक्ट.

९ मार्च
बागेजवळ मोठी डेअरी आहे. काचेचं दार, आत गारवा, टोपी घातलेले लोक. आता याच डेअरीतून घ्यायचं ठरवलं. सकाळी दार उघडताच पहिलं गिऱ्हाईक मी. दूध घेतलं, मग बागेत फेऱ्या, मग बाकावर रिटायर्ड मास्तर भेटले. त्यांना दूध या विषयावर काहीही माहिती नाही, म्हणून सविस्तर सांगावं लागलं. दूध बाकावरच होतं, माझ्या नजरेसमोर.

घरी आलो तेव्हा पिशवी चहासारखी गरम. दुपारी दूध गेलं. डेअरी नुसती दिसायला मोठी.

ही म्हणाली, आधी फेऱ्या मारा, घरी येताना दूध घ्या. म्हणजे जायचं ते हात हलवत. पहिला नंबर कुणी दुसऱ्याने लावायचा. पण सूचना अगदीच धुडकावली नाही. यापुढे बाक सावलीतला निवडणार.

१२ मार्च
लॅक्टोमीटर आला. काचेची सुबक नळी, आकडे कोरलेले, सोबत पुठ्ठ्याचं खोकं. दुधात सोडायचा, तरंगेल तिथला आकडा वाचायचा. पाणी घातलं असेल तर लगेच कळतं. नोकरी सुटल्यापासून पहिल्यांदाच हातात माप आलं. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

वापरासाठी माझं पिवळं फ्लॅनेलचं फडकं बाहेर काढलं. कारखान्यात गेज, म्हणजे मोजायची पोलादी मापं, पुसायला हेच असायचं. निरोपाच्या दिवशी त्यांनी घड्याळ दिलं, ते बंद पडलं. फडकं मी स्वतः खिशात घालून आणलं, ते अजून उत्तम आहे. गेजचा नियम साधा: धुवायचा नाही. कोरड्या फडक्याने पुसायचा आणि डब्यात ठेवायचा. पाणी लागलं की गंज, गंज चढला की माप गेलं. नळाखाली गेज धरणाऱ्याला मी माझ्या टेबलाजवळ उभं केलं नाही.

१३ मार्च
सायकलवरून किटली घेऊन येणारा दूधवाला लावला. सुटं दूध, पण ताजं. लॅक्टोमीटर सोडला. पास. दूधवाल्याला अभिनंदन म्हटलं, तो जरा घाबरला.

हिने दूध उकळलं. उकळून निवल्यावर मी पुन्हा तपासलं. पास. दुपारी फ्रीजमधून काढून पुन्हा. पास. मधे एकदा सहज. पास.

संध्याकाळी आंबलं.

म्हणजे हे परीक्षेत पास होऊन मग बिघडणारं दूध. असे लोकही मी नोकरीत पाहिलेत. दूधवाला बंद.

१७ मार्च
एक गोष्ट ध्यानात आली. रोज दूध जातं, पण चहा एकदाही बिनदुधाचा मिळालेला नाही. हिला विचारलं. ती म्हणाली, असतं थोडं. यावरून दिसतं की माझ्या कडक देखरेखीमुळे थोडं का होईना, दूध वाचतं आहे. तिने हे स्वतःहून सांगायला हरकत नव्हती.

कुंडीतल्या झाडाची पानं पिवळी पडली आहेत.

१९ मार्च
पुठ्ठ्याच्या खोक्यातलं दूध. महिनोन्‌महिने टिकतं म्हणे. समोर मोठ्या अक्षरात छापलंय, फ्रीजची गरज नाही. असं विज्ञान असताना आम्ही मागासासारखे दूध उकळत बसलोय. कात्रीने कोपरा कापला, तपासलं, पास, फळीवर ठेवून दिलं. ही फळीकडे पाहत राहिली. मी खोक्यावरचं वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखवलं.

२० मार्च
खोक्यातलं दूध गेलं. स्वयंपाकघरात वास. भिंग घेऊन पाहिलं तर त्याच वाक्याखाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात लिहिलंय, उघडेपर्यंत. कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी फार गोड आवाजात विचारलं, उघडल्यावर कुठे ठेवलं होतं. मी फोन ठेवला. अशा लोकांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

२२ मार्च
उकाडा. दुपारभर लाइट नव्हती. फ्रीज बंद, त्यामुळे दर थोड्या वेळाने दार उघडून आत गारवा आहे का ते पाहत होतो. हिने दार उघडू नका म्हणून सांगितलं. न उघडता कळणार कसं?

मुलीचा फोन आला. पुढच्या रविवारी ठमीला घेऊन येते, सगळं बघते आणि ठरवते म्हणाली. मी म्हटलं, सगळं कंट्रोलमध्ये आहे. मग ही फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बोलत होती. मी दाराशी सहज उभा होतो, पण पंख्यामुळे काही ऐकू आलं नाही.

थकलोय. हे दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. वॉशर हातात घेतला की निकाल लागायचा, संध्याकाळी तो आपलं मत बदलायचा नाही.

२५ मार्च
हिने विचारलं, ते पिवळं फडकं धुवायला टाकू का, वास येतो. जुन्या चांगल्या कापडाला स्वतःचा वास असतोच. तरी नाकाशी धरून पाहिलं. थोडा आंबूस आहे. तो दुधाचा, फडक्याचा नाही. फडकं उचलून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि किल्ली खिशात.

एवढी वर्षं नोकरी केली. तिथून बरोबर आलेली ती एकच वस्तू. धुतली तर काय उरणार?

२८ मार्च
उद्याची तयारी पूर्ण. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला काचेच्या बाटलीतून दूध देणारे लोक आहेत. बाटली सीलबंद, गार. येताना रिक्षा केली, मधे कुठेही थांबलो नाही, मास्तर हात करत होते तरी. घरी आल्या आल्या उकळलं, निवू दिलं, पुन्हा बाटलीत भरून फ्रीजमध्ये. सगळं मी केलं, हिला लांब बसवलं. ती म्हणाली, आज नीट केलंत. बऱ्याच दिवसांनी असं काही ऐकलं. ते ऐकून एवढा हुरूप आला की बाटली काढून आणखी दोनदा तपासली.

पास, पास.

२९ मार्च, सकाळ
आज रविवार. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट. मुलीला आधी प्रत्यक्ष चाचणी दाखवायची, मग ठमीने सर्वांसमोर दूध प्यायचं. पाळणाघराचा विषय तिथेच संपेल. ठमीसाठी खिडकीजवळची जागा रिकामी केली. माझी खुर्ची हलवली.

२९ मार्च, संध्याकाळ
झालं ते क्रमाने लिहितो.

मुलगी आली. ठमी लगेच माझ्याकडे आली, माझ्या शर्टाचं बटण धरून बसली. मी तिला हिच्याकडे दिलं, ड्रॉवर उघडला, लॅक्टोमीटर काढला, फडक्याने नीट पुसला आणि दूध भांड्यात ओतून त्यात सोडला. आकडा उत्तम. मुलीने विचारलं, बाबा, ही नळी धुता कशाने? मी तिला गेजचा नियम समजावून सांगितला. पाणी कसं वर्ज्य, फडकं कसं कारखान्यातलं, गेले दोन आठवडे रोज तीन-चारदा तपासणी कशी झाली. ती ऐकत होती. मग तिने ते फडकं घेतलं, नाकाशी नेलं आणि हळूच टेबलावर ठेवलं. नंतर भांडं गॅसवर चढवलं. आम्ही सगळे बघत होतो. दूध फाटलं.

मी म्हटलं, बाटलीवाले. मग टेबलावरच्या फडक्याकडे पाहिलं. दूधवाला, खोकंवाले, बाटलीवाले, सगळ्यांच्या दुधात मी स्वतःच्या हाताने ते फडकं बुडवत होतो, हे तिने न सांगताच कळलं. काचेला गंज चढत नाही हेही तेव्हाच सुचलं. इतकी वर्षं तपासनीस होतो मी.

मुलगी रागावली नाही. बाबा, तुम्ही दमलात का, एवढंच विचारलं. रागावली असती तर बरं झालं असतं. मग हिच्याकडे वळून म्हणाली की तिने एक पाळणाघर पाहून ठेवलंय, बायका चांगल्या आहेत, सकाळीच सोडता येईल. मी खिडकीजवळच्या रिकाम्या जागेकडे बघत बसलो.

एवढ्यात ठमी भुकेने रडायला लागली. ही उठली. फ्रीज उघडून भाजीच्या डब्यांमागे हात घातला आणि झाकण ठेवलेलं एक छोटं पातेलं काढलं. दूध कोमट केलं, पेल्यात ओतलं, ठमीला पाजलं. ठमीने सगळं संपवलं आणि पेला उलटा करून आत पाहिलं.

कुठलं दूध, मी विचारलं. कोपऱ्यावरचं, ही म्हणाली. रोज आणत होते. कधी, तर म्हणे तुम्ही बागेत बसलेले असायचा तेव्हा. आणायचं, लगेच उकळायचं, निववून झाकून आत ठेवायचं, हात स्वच्छ, डाव स्वच्छ. यात सांगण्यासारखं काय आहे, म्हणाली.

म्हणजे महिनाभर मी तिच्याच दुधाचा चहा पीत होतो.

मुलीने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, ठमी इथे राहील. एकच अट, बाबांनी दुधाला हात लावायचा नाही. हिने लगेच हो म्हटलं. मलाही विचारलं, ते नुसतं मान राखायला.

वाईट वाटलं. ठमी राहणार म्हणून बरंही वाटलं. दोन्ही एकदमच.

३० मार्च
दूध खातं मी स्वेच्छेने सोडलं आहे. ठमीसाठी वेळ हवा, हे कारण पुरेसं आहे. मास्तरांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, तुमच्यासारखा माणूस नाही मिळायचा त्यांना. मी नको नको म्हटलं.

फडकं हिने धुतलं. दोरीवर वाळत होतं तेव्हा ओळखूच येईना. चांगलंच पिवळं निघालं.

२ एप्रिल
ठमी आली. घरात आवाजच आवाज. लॅक्टोमीटर कपाटावर गेला, त्याचं पुठ्ठ्याचं खोकं ठमीला मिळालं. ती ते जमिनीवर आपटते, मी उचलून देतो, ती पुन्हा आपटते. अशी दुपार गेली. पंखा चालू होता की नाही ते आठवत नाही.

मला रिकामं बसवलेलं नाही, हे नमूद करतो. हिने माझ्याकडे स्वतंत्र काम सोपवलं आहे. ठमीचा पेला धुणे. गरम पाणी, साबण, ब्रश, पुन्हा गरम पाणी. आज पहिल्याच दिवशी मन लावून धुतला आणि नेऊन दिला. हिने पेला खिडकीजवळ नेला, उजेडात फिरवून पाहिला, आत नाक घालून वास घेतला.

मग ब्रश उचलला. पेला आणि ब्रश, दोन्ही परत माझ्या हातात दिलं.