पहिल्या ओळीतलं हॅलो

४ जून
आजपासून इंग्रजी शब्दसाठा वाढवायचा. बायकोच्या टॅबलेटवर तो खेळ आहे: रोज पाच अक्षरांचा एक गुपित शब्द, ओळखायला सहा ओळी. अक्षर जागेवर असलं तर हिरवं, भलत्या जागी असलं तर पिवळं, नसेलच तर करडं. ती होती तेव्हा रोज सकाळी खेळायची आणि मी मागे उभा राहून मार्गदर्शन करायचो. तिच्या जिंकण्यात माझा वाटा किती, हा विषय आता काढण्यात अर्थ नाही. मी औषधांच्या लेबलांची प्रुफं तपासतो, दिवसभर इंग्रजी अक्षरांतच असतो. हा खेळ म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

५ जून, सकाळ
टॅबलेट उघडला. ती गेल्यापासून चार महिने मी हात लावलेला नाही, तरी बॅटरी फुल. आणि पहिली ओळ आधीच भरलेली. हॅलो.
हा तिचा शब्द. ती रोज हॅलोनेच सुरुवात करायची. मी शंभरदा सांगितलं की त्यात एल दोनदा येतो, एक घर फुकट जातं. तिचं म्हणणं, कुणाच्या दारात गेलं की आधी हॅलो म्हणावं, मग काय ते काम सांगावं.
अंगावर काटा आला. अर्थात पंख्याखाली बसलो होतो.

५ जून, संध्याकाळ
शास्त्रीय विचार केला. ॲपला जुनी सवय लागलेली असणार. मुलीला फोन केला. ती म्हणाली की ॲपला सवय वगैरे लागत नाही, आणि बाबा, थोडे दिवस इकडे येऊन राहा. विषय बदलण्यात अगदी आईवर गेली आहे.
सासूबाईंना विचारण्यात हशील नव्हतं. लेकीच्या आजारपणात आल्या त्या इथेच राहिल्या. इंग्रजीचा गंध नाही. शिवाय आमचं बोलणं आयुष्यभर बायकोमार्फत व्हायचं. आता ताट वाढलंय आणि गिझर चालू आहे, एवढंच.

७ जून
आजही हॅलो. म्हणजे मला पाचच संधी. हरतो ते त्यामुळे.
संकल्प: ए आणि ई दोन्ही असलेले पाच अक्षरी शब्द पाठ करणे. क्रेन, प्लेट, ग्रेप, ओशन, ब्रेड. ऑफिसात काम करता करता होतील.

८ जून
खोकल्याच्या सिरपवर ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ असं छापून आलं. साहेबांनी विचारलं, लक्ष कुठे असतं. शब्दांवर, म्हणालो. प्रुफावर सही माझी असली तरी मूळ चूक टाइप करणाऱ्याची. पण आपण कुणाचं नाव घेत नाही. फक्त साहेबांना तेवढं सांगितलं.

११ जून
भूतबित मी मानत नाही. इथे स्पष्ट लिहून ठेवतो.
रोज दाढी करायला लागलो आहे, ती स्वच्छता म्हणून. तिने आणलेला निळा शर्ट घालून टॅबलेटपुढे बसतो, तो कपाटात वरच होता म्हणून. आज चहा दोन कप झाला. दुसरा समोर ठेवला. निवल्यावर मीच प्यायलो.
कालचा शब्द हाऊस होता. हॅलोमधला एच हिरवा, ई आणि ओ पिवळे. मला सहाव्या ओळीत सुटला, तिला तिसऱ्यातच सुटला असता. पण जगातले एवढे शब्द सोडून नेमकं घर? योगायोग म्हणायचा तरी किती.

१४ जून
सोक्षमोक्ष लावायचा. टॅबलेटला पासवर्ड घातला: आमच्या लग्नाची तारीख. दुसऱ्या कुणाला सुचायची नाही. तिला सुचेल. उद्या पहिली ओळ भरलेली दिसली तर मी मानेन. नक्की काय मानेन, ते उद्या बघू.

१५ जून
ओळ रिकामी.
लग्नाची तारीख दरवर्षी मी विसरायचो. आता ती विसरली. फिट्टंफाट.
ऑफिसला गेलो नाही. पोट ठीक नव्हतं.

१६ जून
रिकामी. ॲपमधला बिघाड आपोआप दुरुस्त झाला, असं धरून चालायला हरकत नाही. आता सहाही संधी माझ्या. सहाही वापरल्या, शब्द सुटला नाही.
तिची फार आठवण येते. घर खायला उठतं.

१७ जून
सकाळी सासूबाई आपणहून बोलल्या. ती पाटी बिघडली का, म्हणाल्या. आपल्या हातून काही मोडलं असेल तर रागावू नका, म्हणाल्या. दोन दिवस त्यांचं ताट जसंच्या तसं परत येत होतं. मी ते उकाड्यावर ढकललं होतं. आज न्याहारीचं ताटही समोर तसंच होतं.
पासवर्ड काढून टॅबलेट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांचं बोट कीबोर्डच्या मधल्या ओळीत मधोमध गेलं, मग वर, मग मधल्या ओळीच्या टोकाला दोनदा, पुन्हा वर, शेवटी खाली कोपऱ्यात. अक्षर एक ओळखता येत नाही. आजारपणात उशाशी बसून लेकीचं बोट कुठे कुठे जातं ते बघत होत्या, तेवढंच. तिचं रोजचं काम अडून राहू नये म्हणून माझ्या आधी उठायच्या, चार्जिंग करायच्या आणि दाबून ठेवायच्या.
म्हणजे ती नव्हती. एकदाही नव्हती. मला ती हवी होती, बाकी शब्दसाठा वगैरे सगळं झूट.
मग त्यांनी विचारलं की लेक रोज लिहायची ते काय होतं. मी सांगितलं, हॅलो. त्यांनी हळूच विचारलं, मग तिकडून काय आलं.
मी पाहिलं. पाचही घरं करडी.
म्हणालो, विचारतेय, आई नीट जेवते ना.
सासूबाईंनी डोळे पुसले आणि ताट पुढे ओढलं.