परत आलेली सात पेनं

दि. १२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी आठला कामावर गेलो, पाचला परत आलो. एकशे चौदा फायली जागेवर लावल्या. दोन डबे नेले होते.

अक्कांना नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावे. माझी तब्येत ठीक आहे. (कुणीही विचारलं तरी मी एवढंच सांगतो.)

तुमची बहीण जाऊन चार महिने झाले, हे तुम्हाला सांगायला नको. ती वॉर्डची सिस्टर आणि मी त्याच इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममधला कारकून. तिला शिकाऊ डॉक्टरांचा भारी कळवळा. कोण दोन दिवस झोपलेलं नाही, कोण औषधांच्या खोलीत जाऊन रडून आलंय, तिला चेहऱ्यावरून कळायचं, आणि मी भरून दिलेला डबा (भरायचो मी, अक्का, तुमच्या माहेरी हे कुणाला खरं वाटत नाही) त्यांच्या पोटात जायचा. अठ्ठावीस वर्षं मी त्या पोरांवर जळलो. मला ताप आला तर म्हणायची, गोळी घ्या. त्यांना नुसती शिंक आली तरी खुर्ची ओढून बसवायची.

त्यातली शेवटची पेनचोर. ही मुलगी रजिस्टरमध्ये सही करायला माझं पेन घेणार आणि ॲप्रनच्या खिशात घालून निघणार. तुमची बहीण आमच्याच इस्पितळात पेशंट म्हणून होती, त्या शेवटच्या आठवड्यात ड्यूटीवर हीच होती. जानेवारीत ती आमच्याकडे रोज यायला लागली. रजिस्टर पाहिलं, तर नऊ वेळा एकच फाईल, आणि तो नंबर मला पाठ आहे. मी स्वतः ती फाईल एकदाही उघडलेली नाही; धीर होत नाही. आणि ही बया कपाटांच्या मधे मांडी घालून वाचत बसते, जशी काही तिचीच कुणी गेली. माझं डोकं फिरलं. दहाव्यांदा ती यायच्या आत मी फाईल काढून माझ्या खणात टाकली, कुलूप लावलं आणि तिला तोंड वर करून सांगितलं, जागेवर नाही.

आता आमच्याकडे, गेलेल्या पेशंटची फाईल जागेवर नाही याचा अर्थ एकच, चौकशीसाठी वर मागवली. इतकी वर्षं तिथे काढून हे मला सुचू नये? ती रजिस्टर मिटून निघून गेली. दुसऱ्या दिवशी येऊन तिने माझ्यापुढे सात पेनं ठेवली आणि एकाचं टोपण हरवलं म्हणून माफी मागितली. मी खूश होऊन मोजून घेतली. जेवायला बसल्यावर त्याचा अर्थ लागला. नेलेली पेनं परत करणारा शिकाऊ डॉक्टर मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. ही कायमची निघाली होती.

डबा उघडाच टाकून धावलो (जिने चार, वय छप्पन्न). ती वॉर्डबाहेरच्या बाकावर, हातात राजीनामा.

"काका, नऊ वेळा शोधलं माझं काय चुकलं ते. सापडत नाही, म्हणून जास्त भीती वाटते."

मी सांगितलं, फाईल माझ्या खणात आहे. तिने विचारलं, का. मी खरं तेच सांगितलं, की मला तुझा हेवा वाटला. ती हसली की रडली, मला ठरवता आलं नाही.

खणातली फाईल काढून तिला तशीच विभागप्रमुख बाईंकडे नेलं. बाईंनी फाईल पानन्‌पान वाचली. म्हणाल्या, उपचारात चूक नाही, आजारच हाताबाहेर गेला होता. चूक आमची, पेशंट गेल्यावर तुझ्याशी कुणी चार शब्द बोललं नाही. राजीनामा त्यांनी ठेवून घेतला, आठ दिवसांची रजा दिली, आणि परत आल्यावर दर सोमवारी आपल्यासमोर येऊन बसायचं बजावलं. मग माझ्याकडे वळल्या. ते लिहीत नाही.

त्या वाचत होत्या तेव्हा मी एकच ओळ पाहिली, शेवटच्या दिवसाची, दुसऱ्या एका सिस्टरच्या अक्षरातली. रुग्णाने दुपारचे जेवण घेतले नाही. ड्यूटीवरील डॉक्टर सकाळपासून उपाशी आहेत, त्यांना द्यावे असे सांगितले.

अक्का, त्या दुपारी मी तिच्या उशाशी बसलो होतो. मीही उपाशीच होतो.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. माझा हेवा आता गेला आहे.

आणखी एक. गेलेला नाही. तिचा तीन कप्प्यांचा डबा तुम्ही आठवण म्हणून नेलात, तो परत पाठवाल का? माझ्याकडचा दुसरा डबा गळतो. पेनचोर आज रुजू होणार म्हणून मी दोन्ही डबे भरून नेले, पण तिची रजा उद्यापर्यंत आहे, मीच मोजायला चुकलो. दोन्ही मीच संपवले, घरी आणून घासले आणि ओट्यावर पालथे घातले.