डाव्या दाराचा पोचा

प्रिय दादा,

हे पत्रही आधीच्या पत्रांसारखं कपाटातच राहणार, म्हणून तर लिहायला धजते आहे.

बाबांची गाडी आज गेली. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने नुसते फोटो बघून घेतली. महिनाभर एजंटकडे हेलपाटे घालून मी पार थकले. जहाजावर चढवायची गाडी आतून रिकामी लागते, म्हणून सीटखालचा तुझा कंगवासुद्धा काढून ठेवला.

गिऱ्हाईक भलतंच चिकित्सक. प्रत्येक ओरखड्याचा फोटो हवा आणि तो कशाने पडला, तेही लिहून हवं. मागच्या डाव्या दाराच्या पोच्यापाशी माझा हात अडला. एजंट म्हणाला, "ताई, 'जुना पोचा' लिहा आणि मोकळ्या व्हा." मी मात्र लिहिलं, "एकोणीस वर्षांची असताना मी न विचारता गाडी काढली आणि मागे घेताना फाटकावर ठोकली."

याच पोच्यापायी बाबांनी तुला घराबाहेर काढलं. तू एकदाच "मी नाही" म्हणालास, मग माझ्याकडे बघून गप्प बसलास.

त्या माणसाचं उत्तर आलं, "खरं सांगितलंत, बरं वाटलं." तेव्हा ठरवलं, आता बाबांनाही सांगून टाकायचं.

दुपारी गाडी ट्रकवर चढली. बाबा काठी टेकत फाटकापर्यंत आले. त्या दाराकडे बघत म्हणाले, "थोरल्याची तेवढी एकच खूण घरात उरली होती. तीही चालली."

मी "हो" म्हणाले आणि त्यांना हाताला धरून आत आणलं.

तुझी,
धाकटी