‘टपटप’ नेमकं कुणाचं?

तीर्थस्वरूप दाजी यांना धाकट्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तेवढाच वाकलोय असं समजावं).

गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून. दोन वर्षांत पत्र नाही, फोन नाही, याचा राग तुम्हाला असणारच. पण भाचीकडे जेवायला जमलो होतो तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या उद्योगाला चोरी म्हणालात आणि मी भरल्या ताटावरून उठलो. त्या चोरीचं पुढे काय झालं, तेवढं ऐकून घ्या.

टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून मी चाळीस वर्षांपूर्वीचे घरगुती कॉम्प्युटर जमवतो, हे तुम्ही पाहिलंच आहे (तुमच्या भाषेत भंगार). टीव्हीला जोडायचे, कॅसेट लावायची, पाच मिनिटं किरकिर ऐकायची, की प्रोग्राम सुरू. या कॅसेटी आता मरायला टेकल्या आहेत. टेपवरचा थर बोटाला लागतो. म्हणून मी एकेक प्रोग्राम उतरवून वेबसाइटवर ठेवला, ज्याला हवा त्याने फुकट न्यावा. नेणारे मोजकेच, सगळे माझ्यासारखे पिकलेले. कुणाची तक्रार नव्हती.

पण तुमचा तो शब्द डोक्यातून जाईना. म्हटलं, रीतसर परवानगी घेऊ (माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे ‘रीतसर’ या शब्दापासून सुरू झाले आहेत). कॅसेटी विकणारी कंपनी कधीच बुडाली होती. तिला दुसरीने घेतलं, दुसरीला तिसरीने, आणि ही तिसरी पाण्याच्या टाक्या बनवते. गेलो तिच्या कचेरीत. तिसरा मजला, लिफ्ट बंद, बसायला एक डुगडुगतं बाक. वकीलबाई तरुण, बोलायला गोड. त्यांनी फायलींचं कपाट पाहिलं, आपला कॉम्प्युटर पाहिला आणि म्हणाल्या, “हे आमचं आहे की नाही, हे आम्हाला माहीत नाही. पण आमचं नाही असं ठरेपर्यंत परवानगी देता येणार नाही.” मग नोंदीसाठी एकेक प्रत मागितली, कारण त्यांच्याकडे एकही नव्हती. मी सगळ्या दिल्या, वर आभारही मानले.

तेराव्या दिवशी नोटीस आली. माझ्याकडे बेकायदा प्रती असल्याचा पुरावा म्हणून मीच दिलेल्या प्रती, आणि कबुलीजबाब म्हणून माझंच अर्जवजा पत्र, त्यातल्या ‘नम्र विनंती’वर पिवळी रेघ मारून. दाजी, त्या दिवशी मी वेबसाइट बंद केली आणि दुपारभर स्टुलावर नुसता बसून राहिलो. बायकोने चहा आणून ठेवला. न मागता, यावरून काय ते ओळखा.

प्रोग्राम नेणाऱ्या बाकीच्यांनी हळहळ कळवली. एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र मात्र वेगळं होतं. त्यांच्या यजमानांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. नव्या कॉम्प्युटरला ते हात लावत नाहीत, पण माळ्यावरचा जुना काढल्यावर बोटं आपोआप चालली. त्यावर ‘टपटप’ नावाचा खेळ होता. वरून अक्षरं पडतात, खाली पोचायच्या आत त्या अक्षराचं बटण दाबायचं. रोज तासभर खेळून ते पुन्हा शब्द जुळवायला लागले होते. चौथ्या महिन्यात कॅसेट तुटली. बाई माझ्या वेबसाइटवर आल्या, तर तिथे माझी दिलगिरी. त्यांनी एवढंच विचारलंय, कधी मिळेल? चोरून पाठवली असती हो, पण बाई म्हणतात, नोटीस आलेली वस्तू घरात नको. या पत्राला तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला बसतो आणि उठतो.

असो. गुडघ्याला शेक देत चला. ताईला नमस्कार.

आपला,
भंगारवाला मेव्हणा

ता. क. वकीलबाईंना माझी दया आली असावी. तळघरातल्या खोक्यात त्यांना ‘टपटप’चा मूळ करार सापडला. विक्री थांबल्यावर सात वर्षांनी सगळे हक्क लिहिणाऱ्याकडे परत जातात, असं त्यात स्वच्छ आहे. खाली सही आहे. दाजी, ती तुमची आहे. ताईला फोन केला तर तिला ठाऊक होतं. लग्नाआधी तुम्ही तो खेळ लिहिलात, तुमच्या वडिलांनी ‘पोरखेळ पुरे’ म्हटलं, आणि तुम्ही पुन्हा नाव काढलं नाहीत. म्हणजे मी तुमची वस्तू तुम्हाला न विचारता वाटत होतो, आणि चोरी म्हणायचा हक्क त्या पंगतीत फक्त तुम्हालाच होता. चुकलो. सोबत परवानगीचा कागद जोडला आहे. फक्त सही हवी.

ता. क. दुसरा. आत्ताच शिक्षिकाबाईंचं पत्र आलं. यजमानांना आता खुर्चीत बसवत नाही, म्हणून त्यांनी खाट टीव्हीसमोर सरकवून ठेवली आहे.

ता. क. तिसरा. टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र मीच घेऊन आलोय. तुम्ही वाचताय तोवर मी बाहेर पायरीवर बसलोय. पेन माझ्याकडे आहे.