ओठ जुळेनात

प्रिय पल्ले,

पत्र माझं आहे म्हणून लगेच फाडू नकोस. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड. फोन तू उचलत नाहीस, मेसेज पोहोचत नाहीत, म्हणजे मला ब्लॉक केलंयस. शाळेत रुसलीस की डबा घेऊन दुसऱ्या बाकावर जायचीस, त्यातलाच हा प्रकार. अक्षर गचाळ आलंय, कारण कागद मांडीवर धरून लिहितेय. सकाळपासून मी इतकी हादरलेय की एकदम मुद्द्यावर यायचा धीरच होत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते. तुला माहीत असलेलंही पुन्हा सांगेन, ते ऐकून घे.

उणकल तलावावरचा तो दिवस आठव. तुझं स्वतःचं गाणं, तुझी चाल, आणि तुझा हट्ट की सगळं संथ दिसायला हवं, पदर तरंगत यायला हवा, पण ओठ मात्र गाण्याबरोबरच हलायला हवेत. मी तुला समजावलं होतं. गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, तूही तितक्याच घाईने ओठ हलवायचे, कॅमेराही दुप्पट चित्रं टिपणार. नंतर सगळं निम्म्या वेगावर आणलं की ओठ मूळ गाण्यावर येतात आणि पदर, केस, पाणी तेवढे रेंगाळतात. तू म्हणालीस, दुगुनच ना, त्यात काय, लहानपणापासून घोटलीय. श्रीहरी तबला घेऊन शेजारी बसला. स्पीकरमधून तुझा आवाज चिमणीसारखा चिवचिवायला लागला आणि शेंगावाल्याने काळजीने कानडीत विचारलं, 'अक्का, टेप केट्टैतेन्री?' टेप बिघडलेला नाही हे त्याला पटवता पटवता श्रीहरीची पुरेवाट झाली. किती हसलो आपण त्या दिवशी! मला तर वाटलं, या एका व्हिडिओवर माझं सुभाष रोडवरचं दुकान वर्षभर चालेल.

आणि परवा तुझ्या घरी तो लावला. तुझे सासरे, नणंदा, तुझ्या प्रभंजनचे मित्र, सगळे पोहे खात बसलेले. पहिल्याच ओळीला तुझे ओठ मागे पडले. पुढच्या ओळीला आणखी. कुणीतरी फिस्सकन हसलं. तू उठून टीव्ही बंद केलास आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, 'श्यामे, तुला लग्नाच्या पंगतीच शूट करता येतात. माझ्या गाण्याला हात लावायला नको होतास.' पल्ले, मला ते झोंबलं. अजून झोंबतंय. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी जिना उतरताना पुटपुटले, ते तुला ऐकू गेलं असेल तर जाऊ दे.

घरी येऊन मी ठरवलं, चूक कुणाची ते हिच्या पदरात घालायचंच. आधी माझ्याच बाजूने शोधलं. कॅमेऱ्याचा वेग तपासला, बरोबर. गाण्याचा वेग तपासला, तोही बरोबर. स्पीकरमधून आवाज उशिरा येत असेल का? मग श्रीहरीचा हात पाहिला. तो तुझ्याच शेजारी, त्याच चित्रात, त्याच स्पीकरवर वाजवत होता. त्याची प्रत्येक थाप नेमकी मात्रेवर पडत होती. स्पीकर चुकला असता तर तोही चुकला असता. म्हणजे यंत्र बरोबर, मी बरोबर, चुकलीस फक्त तू. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! आज सकाळी चहा टाकला आणि ठरवलं, तुझी चूक मोठी करून, लाल गोल काढून आपल्या ग्रुपवर टाकायची.

ओठ जुळतात की नाही हे आम्ही प, ब, म यांवर बघतो, कारण तिथे ओठ मिटावेच लागतात. तुझा चेहरा पडदाभर मोठा केला, गाणं पहिल्या 'म'वर आणलं आणि एकेक चित्र पुढे सरकवायला लागले. तुझे ओठ उजवीकडे अगदी वेळेवर मिटले. डावीकडे नाही मिटले. तिथे ते मागून आले, जड झाल्यासारखे, आणि कोपऱ्यात फट राहिली. मला वाटलं सावली असेल. दुसरा 'म' काढला, तिसरा काढला, 'प' काढला, सगळीकडे तेच. मग तू डोळे मिटलेस. उजवी पापणी खाली टेकली आणि डावी अर्ध्यावरच राहिली. चहा उतू गेला, गॅस विझला, त्याचा वास आला तेव्हा कुठे उठले. मी जिंकले होते, पल्ले. असं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. यंत्र बिघडलेलं निघू दे, कॅमेरा फुकट जाऊ दे, असं म्हणत मी सगळं पुन्हा लावून पाहिलं. काहीच बिघडलेलं नव्हतं.

तुझा चहा तलावावर साडीवर सांडला होता, तेव्हा आपण कपाला शिव्या दिल्या. डोळ्याला पाणी येत होतं, तर तू म्हणालीस स्कूटरवर वारं लागलं. तुझ्यासमोर बसून मी दिवसभर कॅमेरा धरला आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही. आरशातही तुला दिसलं नसेल, इतकं ते थोडकं आहे. ते दिसलं फक्त संथ केल्यावर. मोबाइलमध्ये तो तुकडा घेऊन मी विद्यानगरात मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे धावले. मशीनचा दोष असेल ना, असं मीच त्यांना विचारत होते. त्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि एवढंच विचारलं, 'ही मुलगी आत्ता कुठे आहे?' तपासल्याशिवाय त्या कशाचंच नाव घेत नाहीत. पुष्कळदा हे औषधाने सुधारतं, म्हणाल्या. पण उद्यावर ढकलू नका, आजच आणा, असं दोनदा बजावलं.

हे पत्र मी त्यांच्याच दवाखान्याच्या बाकावर लिहायला घेतलं, त्या तुझ्यासाठी जागा करत होत्या तेव्हा. आता नवनगरात तुझ्या दारापुढच्या पायरीवर बसून संपवतेय. मघाशी बेल वाजवली, तू खिडकीतून मला पाहिलंस आणि पडदा ओढलास. ओरडून सांगितलं असतं, पण माझ्या तोंडून काही ऐकलंस की तू भांडायला उठतेस, आणि आज भांडणात एक तासही घालवायचा नाही. प्रभंजनला त्याच्या दुकानातून बोलावलंय, तो परस्पर दवाखान्यात येतोय. आता हे दाराखालून सरकवते. पल्ले, तू कुठेच चुकली नव्हतीस गं, तुझ्या ओठांना जमत नव्हतं. रिक्षा फाटकाशी उभी आहे. चप्पल घाल आणि दार उघड, मला काय बोलायचं ते रिक्षात बसून बोल.

दारात बसलेली,
तुझीच श्यामला