कुणाचा नाद किती महाग

आई, आज कंपनीच्या कँटीनमध्ये जेवताना एक वाद निघाला आणि तो ऐकता ऐकता मला तुझे कणकेने भरलेले हात आठवले. तुला ठाऊक असायचं कारण नाही, मी आता शिरूरला राहते आणि रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघते. आमच्यातल्या एकाने नवी सायकल घेतली. तिची किंमत ऐकून सगळ्यांचे घास हातातच राहिले. मग एकेकाचा छंद टेबलावर आला. एकजण दर सुट्टीला डोंगर चढतो, त्याचे बूट, सॅक, पेट्रोल. एकीने घरात मासे पाळलेत, त्यांच्या टाकीचं वीजबिल. शेवटी माझ्याकडे बोट करून कुणीतरी म्हणालं, "मॅडमचा नाद सगळ्यात महाग. एका लेन्सच्या पैशात माझी गाडी येईल." मी म्हटलं, तसं नाही. पूर्वी रोल विकत घ्यावा लागायचा, तो धुवायचे पैसे वेगळे, कागदावर काढायचे वेगळे. आता कॅमेरा एकदा घेतला की फोटो फुकट. सायकलचे टायर झिजतात, मासे मरतात, माझं काहीच झिजत नाही. सगळ्यांना ते पटलं. मी डबा पुसून बंद केला, पण माझं मलाच ते पटलं नव्हतं.

तो पहिला कॅमेरा मामाने दिलेला. दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये काम करणारा तुझा धाकटा भाऊ. त्याने हौसेने घेतला होता, एकदा पासावर सगळ्यांना फिरवून आणलं तेव्हा वापरला आणि मग कपाटात टाकला. मी कॉलेजला जायला लागले त्या वर्षी तो आपल्या गावी, निमोण्याला आला आणि पिशवीतून काढून माझ्या हातात ठेवला. त्याचे दाजी, म्हणजे आप्पा, ओट्यावर बसले होते. त्यांनी कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा केला, काचेतून गोठ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्याला खायला काय लागतं?" मामा हसला. आप्पांनी गंमत केली नव्हती. आजोबांच्या पिढीपर्यंत मेंढरामागे फिरलेलं घर आपलं, ज्याला पाळायचं त्याला काय खायला लागतं हे आधी विचारायची रीत.

आप्पांचा नाद बैलगाड्याच्या शर्यतीचा. यात्रेतल्या घाटात, शर्यतीच्या त्या चढाच्या वाटेवर, पळणारे बैल आपल्या दावणीला होते, आणि त्यांना शेताचं काम कधी लावलं नाही. पांढरा बैल तर घरातल्या थोरल्या मुलासारखा. त्याच्या खुराकाची घमेली मला आजही दिसते. तू पहाटे उठून कणीक भिजवतेस, त्यात भरडा, खारीक, वरून अंडी फोडतेस आणि मोठाले गोळे करून एकेक त्याच्या तोंडात देतेस. दुसऱ्या कुणाच्या हातचं तो घेत नाही. संध्याकाळी पुन्हा तेच. यात्रेच्या दिवशी भंडारा उधळत आप्पा आणि गावातले लोक बैल घेऊन जातात आणि तू मागे गोठा झाडतेस. घाटात बायका जात नव्हत्या. तू त्याला एवढं खाऊ घातलंस, पण पांढऱ्याला पळताना कधी पाहिलं नाहीस.

माझे रोल कुठून यायचे हे मी सुरुवातीला विचारलंच नाही. तू पदराच्या गाठीतून पैसे काढून द्यायचीस. मला वाटायचं दुधाचे असतील. उलगडा झाला तो दुकानदारामुळे. आप्पा विडी आणायला गेले तर तो म्हणाला, "तुमच्याकडची अंडी लई ताजी असत्यात बरं का." आप्पा घरी आले ते तसेच चुलीपुढे उभे राहिले. त्याच आठवड्यात घाटात आपल्या गाड्याची बारी, म्हणजे पळण्याची पाळी, फसली होती, थोडक्यात नंबर गेला होता.

"बैलाच्या तोंडातलं काढून इकतीस?"

तू भाकरी थापत होतीस. थांबली नाहीस. "दोन. रोजची दोन अंडी."

"आन् त्याचं काय करतीस?"

"पोरीला रोल घेती."

आप्पा माझ्याकडे वळले. "छत्तीस बारी बोट दाबायचं आन् नोटा संपल्या. बैल पळला तर गावाचं नाव व्हतं. फोटू काढून काय व्हतं?"

मी मान खाली घातली. उत्तर तू दिलंस, आणि ते आवाज न चढवता. "तिचा कॅमेरा कपाटात ठिवला तर काय खात न्हाई. तुमचा बैल बांधून ठिवला तरी खातोय. कुणाचा नाद महाग, तुमीच बगा." आप्पा तसेच वळले. ते बाहेर जाऊन बैलाच्या पाठीवर हात फिरवत बसले. अंडी त्यानंतरही विकली जात राहिली आणि कुणी त्याचा विषय काढला नाही. मला तेव्हा वाटलं, आपण जिंकलो. दोघांच्या नादाची तुलना झाली आणि माझा स्वस्त ठरला.

पुढच्या उन्हाळ्यात आजी आजारी पडली म्हणून आपण दोघी दौंडला गेलो. सकाळच्या गाडीने जायचं आणि चारच्या गाडीने परत यायचं, असं नेहमीचं. मला समजायला लागल्यापासून तू माहेरी मुक्काम केलेला मी पाहिला नव्हता. बैलांना कोण बघणार? आजी बरी होती, उठून बसली होती, तुझ्या हातचा चहा पिऊन तिने दोनदा तुझ्या गालावरून हात फिरवला. चार वाजता आपण स्टँडवर आलो. शिरूरची गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. तू एक पाय पायरीवर ठेवलास, मग खाली घेतलास.

"काय झालं?" मी विचारलं.

"जाऊ दी," तू म्हणालीस. "उद्याची घिऊ."

गाडी निघून गेली तरी तू तिथेच उभी होतीस, जणू तुलाच आपल्या धाडसाचा अंदाज घ्यायचा होता. मग पिशवी काखेला मारून भराभर मामाच्या रेल्वे कॉलनीकडे चालायला लागलीस, मला मागे पळावं लागलं.

त्या संध्याकाळी मामाच्या अंगणात कॅरम मांडलेला होता. शेजारची माणसं खेळत होती. मामा म्हणाला, "आक्का, बसती का? हात इसरला आसंल." तू नको नको म्हणालीस, आणि मग पदर खोचून स्टुलावर बसलीस. तू बोटाने स्ट्रायकरवरची पावडर पुसलीस, एक डोळा बारीक केलास, आणि तुझ्या पहिल्याच फटक्यात दोन सोंगट्या दोन कोपऱ्यांत गेल्या. मी बघतच राहिले. मामा माझ्याकडे पाहून म्हणाला, "लगीन व्हायच्या आदी हिला हितं कुणी हरवत नव्हतं. पोरं हिच्याशी खेळायला घाबरायची." तू राणी घेतलीस, कव्हर घेतलंस, आणि मामाला चिडवत अशी हसलीस की घरातून आजी विचारायला लागली, कोण हसतंय म्हणून. माझ्या रोलमध्ये थोडेच फोटो उरले होते, ते सगळे मी तुझ्यावर खर्च केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपण निमोण्याला पोचलो. आप्पा रागावतील म्हणून मी घाबरले होते. ते गोठ्याच्या दारात बसले होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "काल सांजच्यापून त्यानं पाणीबी घेतलं न्हाई." तू पिशवी माझ्याकडे दिलीस, हात धुतलेस आणि घमेलं घेऊन बसलीस. पांढरा तुझ्या हातातून खाताना आप्पा समाधानाने बघत होते. ते ओरडले असते तर तू उलट बोलली असतीस. त्या एका साध्या वाक्याने तुला घमेल्यापुढे बसवलं. त्यानंतर तू दौंडला कधीही राहिली नाहीस. आजी गेली तेव्हासुद्धा संध्याकाळच्या गाडीने परत आलीस.

फोटो धुऊन आले तेव्हा तू त्यातला एक बराच वेळ पाहिलास आणि ट्रंकेत साड्यांच्या तळाशी घातलास. "त्यास्नी नको दावू," म्हणालीस. "उगं म्हणत्याल, आई आजारी आन् ही खेळत बसली."

मग तो ताप. दोन दिवस तू तो अंगावर काढलास, कणीक भिजवत राहिलीस. शिरूरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तुला उभं राहवत नव्हतं, तिथून पुण्याला हलवलं आणि तिथून तू घरी आली नाहीस. गाडीत तू मला शेवटचं जे नीट सांगितलंस ते आप्पांविषयी नव्हतं, माझ्याविषयीही नव्हतं. "पांढऱ्याला गूळ घालून बग, खाईल." मी घालून पाहिला, आई. त्याने तोंड फिरवलं. शेवटी आप्पांनी तुझं जुनं पातळ दांडीवरून काढलं, डोक्यावरून खांद्यावर घेतलं आणि तसेच घमेलं घेऊन त्याच्यापुढे बसले. बैलाने वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि मग एक गोळा खाल्ला. आप्पा पातळाच्या टोकाने तोंड झाकून रडत होते. मी दारात उभी होते. गळ्यात कॅमेरा नव्हता, आणि असता तरी मी तो उचलला नसता.

पावसाळ्याआधी त्यांनी सगळे बैल विकून टाकले. लोकांनी समजावलं, पुढची यात्रा तरी करा.  तुझ्या साड्या कुणाला द्यायच्या म्हणून ट्रंक उघडली तेव्हा तो फोटो आप्पांच्या हाती लागला. चष्मा वर करून, डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी तो पाहिला.

"ही कोन?"

"आई. दौंडला काढलेला हाय."

"हिला ह्यो खेळ येत व्हता?"

मामा सांगत होता ते मी सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळलं नाही. गोठ्याकडून आता कसलाच आवाज येत नव्हता. मग त्यांनी विचारलं, "जितली का त्या दिशी?"

"व्हय, जितली."

त्यांनी मान हलवली आणि फोटो खिशात ठेवला. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली.

कँटीनमध्ये मला हे सांगता आलं नाही. पण माझ्या कॅमेऱ्याचं काहीच झिजत नाही, हे मी म्हणायला नको होतं. माझ्या घरी सासूबाई आहेत. मी नोकरीला लागल्यापासून स्वयंपाक त्याच बघतात, आणि रविवारी सकाळी मी घोड नदीवर पक्ष्यांचे फोटो काढायला जाते तेव्हा घर त्यांच्यावर असतं. गेल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, काष्टीला बहिणीकडे दोन दिवस राहून यावंसं वाटतंय. मी लगेच म्हटलं, जा की, निवांत राहा, इकडची काळजी करू नका. बॅग मीच भरून दिली. बस सुटेपर्यंत स्टँडवर उभी राहिले. मला स्वतःचंच फार कौतुक वाटत होतं.

रविवारी सकाळपासून मी घरात होते. धुणं, भांडी, मुलांची जेवणं. खिडकीतून ऊन फार सुंदर पडलं होतं. जेवणं आटोपल्यावर मी त्यांना फोन केला. कशासाठी ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. मागे बायकांचा हसण्याचा आवाज येत होता. मी विचारलं, "कधी निघताय?"  त्यांचं परतणं सोमवारी ठरलं होतं, मलाही ते माहीत होतं. मग त्या म्हणाल्या, "निघते गं. चारच्या गाडीनं येते."

हे मी कुणाला सांगणार नाही, फक्त तुला सांगते आई. "राहा" असं म्हणायला मला एकच शब्द लागला असता. मी "बरं" म्हटलं. आणि फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं.