सहा बल्ब, सहा ते दहा

प्रिय दादा,

फोनवर तुला जास्त बोलवत नाही आणि मला थोडक्यात बोलता येत नाही, म्हणून पत्र. नळी नाकात नीट लाव, पाठीला उशी घे आणि सावकाश वाच. शेवटचं पान आधी उलटून बघायची तुझी जुनी खोड आजच्यापुरती आवर. बातमी मोठी आहे. काल दहाच्या ठोक्याला मी तुझ्या कारखान्यात एकटीच उभी राहून टाळ्या वाजवल्या, आणि भिंतीपलीकडून मास्तरीणबाईंनी काय झालं म्हणून हाका मारल्या. त्यांना काय सांगणार? आधी तुला सांगायचं होतं.

कारखाना म्हणजे आपली पुढची खोली, तू जिथे चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त केलेस ती. तुझ्या टेबलाखाली आता दोन मोठ्या बॅटऱ्या आणि त्यांच्या विजेवर घरातली यंत्रं चालवणारा इन्व्हर्टर आहे, छपरावर दोन सोलर पॅनल आहेत, आणि भिंतीवर, तुझं कॅलेंडर असायचं तिथे, एक निळा डबा आहे. त्याला चार्ज कंट्रोलर म्हणतात. तुला माहीतच असेल, पण मला आता सांगायची फार हौस आली आहे, तेव्हा ऐकून घे. पॅनलकडून येणारी वीज बॅटरीला किती, कशी आणि केव्हा द्यायची हे तो ठरवतो. बॅटरी उपाशी राहू देत नाही आणि फुगेपर्यंत खाऊही घालत नाही. तुझ्या लेकीच्या घरी तुला जेवायला वाढणाऱ्या बाईंपेक्षा शहाणा आहे, असं तुझ्याच तक्रारींवरून वाटतं.

पॅनल बसवणाऱ्याने छपरावरचं काम केलं, पण डबा निवडला मी. दुकानदार साधा, पीडब्ल्यूएम जातीचा डबा गळ्यात मारायला निघाला होता. मी त्याला विचारलं, पॅनलचे व्होल्ट बॅटरीपेक्षा जास्त, मग वरचे जातात कुठे? तो म्हणाला, वाया जातात, सगळ्यांचेच जातात. आता मी शिवणकामातली बाई. रुंद पन्हा आला म्हणून कडेचं कापून कोणी फेकून देतं का? मी तिथेच अडून बसले. एमपीपीटी जातीचा डबा ते जादा व्होल्ट फुकट घालवत नाही, त्यांच्या बदल्यात बॅटरीला जास्त करंट देतो. तोच हवा म्हटलं. त्याने शंभर व्होल्ट सोसणारा काढला. दोन पॅनल एकामागे एक जोडले की ब्याण्णव होतात, मग शंभर पुष्कळ, हे त्याचं गणित. पण पॅनलच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलंय की थंडीत व्होल्ट वाढतात. मी चष्मा पुसून हिशेब मांडला, तर कडाक्याच्या सकाळी आकडा शंभराला जाऊन टेकत होता. दीडशेवाला द्या म्हटल्यावर त्याने मला खुर्ची दिली आणि बाई कुठे नोकरीला होतात म्हणून विचारलं. मी तुझं नाव सांगितलं.

हे सगळं कशासाठी ते तुला कळलंच असेल. फुप्फुसांनी दगा दिल्यावर डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन लावलं, लेक तुला तिच्या सातव्या मजल्यावरच्या घरी घेऊन गेली, जिथे लाईट जात नाही, आणि जाताना तू जिन्यात मला म्हणालास की ज्या घरात रोज सहा ते दहा लाईट जाते त्या घरात मला आता श्वास घेता यायचा नाही. लाईट आजही सहाला जाते. पण तुझं ते वाक्य मला रोज संध्याकाळी सहाला ऐकू यायचं, आणि मग मी हट्टाला पेटले. तुझ्या लेकीला फितवून मशीनच्या मागच्या पट्टीवरचा आकडा वाचून घेतला. साडेतीनशे वॅट. तिला रागावू नकोस, ती माझ्याच वळणावर गेली आहे.

जोडणीच्या दिवशी मला आईचा रेडिओ आठवला. मी आठ वर्षांची, तुझी पाठ सोडत नव्हते म्हणून शेपूट म्हणायचास. तू पाणी प्यायला गेलास तेवढ्यात मी उलट्या तारा जोडल्या आणि रेडिओतून धूर निघाला. बाबांपुढे तू ते स्वतःवर घेतलंस, मार खाल्लास, आणि मला एवढंच सांगितलंस की पुन्हा माझ्या पेचकसाला हात लावायचा नाही. दादा, साठ वर्षं मी तो नियम पाळला. आता मोडला. आधी बॅटरी जोडायची, मगच पॅनल, म्हणजे बॅटऱ्या किती व्होल्टच्या आहेत ते डब्याला नीट कळतं, आपल्या दोन मिळून चोवीस. प्रत्येक तार तुझ्या मीटरने तीन तीनदा तपासली. धूर आला नाही.

मग डब्यातले आकडे लावायचे होते. कंपनीतून तो सीलबंद बॅटरीसाठी लावून येतो, आपल्या मात्र पाणी घालायच्या. बॅटरीच्या पुस्तिकेत बघून भरताना अठ्ठावीस पूर्णांक आठ व्होल्टपर्यंत चढायचं आणि भरल्यावर सत्तावीसवर नुसतं टिकून राहायचं, असं लावलं. करंट वीस अँपिअरच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर बॅटरी तापते. आता परीक्षा. मशीन इथे नाही, तर तेवढा भार आणायचा कुठून? तुझ्या फळीवरच्या खोक्यात जुने साठ वॅटचे बल्ब सापडले, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले. सहा बल्ब म्हणजे तीनशे साठ. फळीवर ओळीने लावले. लाईट गेली, ते पेटले, आणि अख्ख्या गल्लीत आपल्याच खिडकीत लखलखाट. सव्वानऊला सगळे एकदम विझले. मी काळोखात बसून राहिले. पाऊण तास कमी पडला होता. त्या पाऊण तासात तू इथे असतास तर, एवढाच विचार मनात येत होता, आणि मी रडले हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. दुकानदाराने हात टेकले आणि तिसरी बॅटरी घ्या म्हणाला. मी वहीत तासातासाचे व्होल्ट लिहायला लागले. दुपारी आकडा सत्तावीस आठच्या वर चढेना. पण सुट्टीच्या दिवशी मात्र बरोबर अठ्ठावीस आठ, आणि त्या संध्याकाळी बल्ब दहापर्यंत जळले. सूर्य काही माझ्या सुट्टीकडे बघून तापत नाही. मग सुट्टीच्या दिवशी मी काय करत नाही? इस्त्री. अरे, डब्याला एक तापमान मोजणारी तार असते, ती बॅटरीला चिकटवायची. बॅटरी गरम असली की डबा आपणहून व्होल्ट कमी करतो. माझी तार टेबलाखाली ओढून ताणून जेमतेम पोचत होती, म्हणून मी ती सोयीने भिंतीवर चिकटवली होती, नेमकी माझ्या इस्त्रीच्या स्टँडमागे. रोज दहा ते एक मी गिऱ्हाइकांचे कपडे कडक करत होते, आणि डबा बिचारा बॅटरीला ताप आलाय समजून तिला अर्धपोटी ठेवत होता. मी कपाळाला हात लावला आणि मग इतकी हसले की पोट दुखलं. तार लांब करून घेतली, बॅटरीच्या अंगाला चिकटवली, इस्त्री मागच्या खोलीत हलवली.

कालची अकरावी संध्याकाळ. अकरा दिवस ओळीने सहा बल्ब सहा ते दहा, एकदाही डोळा मिटला नाही त्यांनी. त्यातले दोन दिवस ढगाळ होते, तेव्हा दुपारच्या लाईटवर बॅटऱ्या भरून घेतल्या, इन्व्हर्टरमध्ये तशीही सोय आहे. शिवाय डॉक्टरांना विचारून एक भरलेला सिलिंडर कोपऱ्यात ठेवलाय. तुझी खाट मागच्या खोलीत खिडकीशी, बॅटऱ्यांपासून लांब. माझ्या इस्त्रीशी तुला जुळवून घ्यावं लागेल.

आता ते कागद. घर विकण्याचे जे कागद तू महिन्यापूर्वी माझ्या सहीसाठी पाठवलेस, ते या पत्राबरोबर परत पाठवते आहे. सही केलेली नाही. तू सगळीकडे आधीच सही केली आहेस, आणि तुझ्या सहीतला हात किती कापलाय ते बघून मला कळलं की तुलाही हे नको आहे. तू फक्त त्या चार तासांना भितोस. तर दादा, लेकीला घेऊन आठ दिवसांसाठी ये. कागदही आण. आठ दिवसांत मशीन एकदा जरी बंद पडलं, तर तुझ्यासमोर बसून मी सही करेन आणि शब्द काढणार नाही. हत्यारं काही आणू नकोस, तुझा पेचकस इथेच आहे. फक्त आता त्याला हात लावण्याआधी मला विचारायचं.

वाट बघणारी,
तुझीच शेपूट